खोताची वही आणि मातीतला कार्बन

गिरगावात पत्ता शोधत फिरलात तर पिकांची यादी ऐकू येते. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, बोरभाट, मुगभाट, खेतवाडी. ‘भाट’ म्हणजे झाडं लावून राखलेली जमीन. कोकणात आणि गोव्यात हा शब्द अजून वापरात आहे. ‘वाडी’ म्हणजे बाग, आगर. आज या गल्ल्यांत मुगाचं रोप सोडा, उघडी माती शोधायला कुंडीपर्यंत जावं लागतं. पिकं गेली, नावं राहिली.

या यादीत एक नाव वेगळं आहे. त्यात पीक नाही, माणूस आहे : खोताची वाडी. गिरगाव चर्चजवळच्या या गल्लीत लाकडी जिन्यांची, ओसरीची जुनी ख्रिस्ती घरं आहेत. पाठारे प्रभू समाजातल्या खोत घराण्याची ही जमीन. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले गेले आणि वस्ती उभी राहिली, असा तिचा इतिहास सांगतात. आज इथे लोक फोटो काढायला येतात, आणि फोटोंखाली ‘छोटा गोवा’ असं काहीतरी लिहितात. ‘खोत’ या शब्दाकडे कुणी बघत नाही.

खोत हे आज आडनाव आहे, पण मुळात तो हुद्दा होता. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा, आणि त्या बदल्यात गावावर हक्क गाजवणारा माणूस. शेतात काय पिकलं, कुणी पिकवलं, कुणाकडून किती यायचं, हे त्याच्या वहीत असायचं. शेत कसणाऱ्याकडे वही नसायची. गिरगावातल्या या घराण्याचा आणि रत्नागिरी-कुलाब्यातल्या खोतीचा इतिहास एकच आहे असं मी म्हणत नाही. शब्द मात्र एकच आहे, आणि त्या शब्दाचा धागा धरून मला एका आजच्या प्रश्नाकडे जायचं आहे : शेतजमीन हवेतला कार्बन किती शोषते, किती सोडते, आणि हा हिशोब कोण लिहितो?

माडाच्या मुळाशी मासळी

आधी वाडी चालायची कशी ते बघू. माड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो. त्यातून खोड, झावळ्या, नारळ तयार होतात. झावळी गळते, कुजते, तिच्यातला बराचसा कार्बन परत हवेत जातो आणि थोडासा मातीत मुरतो. हा थोडासा भाग वर्षानुवर्षं साठत गेला की माती काळसर होते, पाणी धरते, पीक देते. शेतकरी त्याला कस म्हणतो, शास्त्रज्ञ सेंद्रिय कार्बन म्हणतात.

मुंबई बेटावरच्या बागाईतदारांनी हा कस टिकवायला जवळ होतं तेच वापरलं : मासळी. माडाच्या मुळाशी कुजकी मासळी खत म्हणून घालत. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७३ साली मुंबईत आला. बेटावर इंग्रज माणसं पटापट मरत होती, आणि त्याची कारणं शोधताना फ्रायरने झाडांच्या मुळाशी घातलेल्या या मासळीलाही दोष दिला. तिच्यामुळे हवा बिघडते, असं त्याचं मत. तेव्हा मलेरियाचा आणि डासाचा संबंध कुणालाच ठाऊक नव्हता, त्यामुळे दुर्गंधीवर संशय जाणं समजण्यासारखं आहे. पण यात एक गोष्ट दिसते. शेतातून हवेत काय जातं याची मुंबईतली ही एक जुनी नोंद, आणि ती बाहेरून आलेल्या माणसाच्या नाकाने केलेली. त्या मासळीमुळे माती काय कमावते, हे माडाच्या मालकाला नाही तर माडाखाली राबणाऱ्याला माहीत होतं. ते कुठे लिहिलं गेलं नाही.

१८०३ च्या फेब्रुवारीत कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर कोटाबाहेर वस्ती वेगाने वाढली. पुढच्या शंभरेक वर्षांत गिरगावातल्या आगरांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर घरं आणि चाळी झाल्या. माती फरशीखाली गेली. झाडं तुटली की त्यांच्यातला कार्बन लवकर हवेत जातो. मातीतला सावकाश जातो, पण नव्याने भर पडणं कायमचं थांबतं.

खोताच्या वाडीतली लाकडी घरं मात्र या हिशोबात उलट्या बाजूला येतात. सुक्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. शंभर-दीडशे वर्षं उभा असलेला लाकडी खांब म्हणजे तेवढी वर्षं हवेबाहेर ठेवलेला कार्बन. या वाडीतली निम्म्याहून अधिक जुनी घरं आता पडली आहेत. एखादं घर पाडून त्याचं लाकूड जाळलं, तर जंगलाने काही दशकांत जमवलेलं एका दिवसात परत जातं.

मुंबईला लाकूड कुठून यायचं? इमारतीचं आणि जळणाचं पुष्कळ लाकूड ठाणे जिल्ह्याच्या जंगलांतून यायचं. शहर वाढलं तशी या जंगलांवरची मागणी वाढली. कार्बनच्या हिशोबावरून शेतकरी आणि सरकार यांच्यातलं आपल्याकडचं पहिलं मोठं भांडण तिथेच झालं. तेव्हा त्याला कुणी कार्बन म्हणत नव्हतं. शब्द होता ‘राब’.

राब : धूर कुणाचा, लाकूड कुणाचं

कोकणात भाताचं रोप आधी छोट्या तुकड्यात वाढवतात आणि मग लावणी करतात. रोपासाठी लागणारी जमीन एकूण भातजमिनीच्या साधारण दहावा भाग असते. उन्हाळ्यात या तुकड्यावर शेण, झाडांच्या फांद्या-पाला, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि जाळायचं. हा राब. पहिल्या पावसानंतर त्या भाजलेल्या मातीत पेरलेलं रोप जोमाने येतं आणि तण कमी होतं.

राबासाठी पाला हवा, पाल्यासाठी झाडं हवीत. म्हणून भातशेताला जोडून वरकस जमीन असायची : डोंगरउताराची, हलक्या पिकाची आणि गवत-पाल्याची. ती पुरली नाही की शेतकरी जवळच्या जंगलात झाडं खांडायचा. १८७८ च्या वन कायद्यानंतर ही जंगलं सरकारने राखीव आणि संरक्षित करायला घेतली. वनखात्याचं म्हणणं होतं, की राबामुळे झाडं खुरटतात, जंगल नासतं. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं, की राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला, की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्यात राब हा एक प्रमुख विषय होता.

आता आजच्या भाषेत हा हिशोब मांडून बघा. राब जाळला की कार्बन डायऑक्साइड, थोडा मिथेन आणि काजळी हवेत जाते. वहीत ‘उत्सर्जन’ असं लिहायला ही नोंद सोपी आहे, कारण धूर दिसतो. पण खांडलेल्या झाडाला पुन्हा पालवी फुटते आणि गेलेला कार्बन डायऑक्साइड बराचसा परत घेतला जातो. तोडलेल्या झाडाला पालवी फुटत नाही, आणि शहराच्या चुलीत जळलेल्या लाकडाचा धूर जंगलाच्या वहीत येत नाही. म्हणून राब निर्दोष होता असंही नाही. वरकस जमिनीवरचा पाला दर वर्षी काढून नेला, की तिथली माती उपाशी राहते. शेण जाळलं की मातीत मुरायचा कार्बन हवेत जातो. पण एका बाजूचा धूर मोजायचा आणि दुसऱ्या बाजूचं लाकूड महसूल म्हणून जमा करायचं, हा हिशोब एकतर्फी होता.

राबाला शास्त्रीय प्रश्न म्हणून हाताळणारे लोक थोडे उशिरा आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या दोघांबरोबर पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर अभ्यास करून १९१२ साली प्रबंध प्रसिद्ध केला. राखेतून मिळणारं खत एवढाच राबाचा फायदा नाही, माती तापल्यामुळेही तिच्यात बदल होतात आणि त्याचा रोपाला फायदा होतो, हे त्यांनी दाखवलं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला त्याच सुमारास माती तापवण्याच्या परिणामांवर प्रयोग चालू होते. म्हणजे ‘अडाणी शेतकऱ्याची जाळपोळ’ म्हणून हिणवली गेलेली गोष्ट तेव्हाच्या ताज्या संशोधनाचा विषय होती.

एक एकर, १५ सेंटिमीटर

थोडं गणित करू. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. वरची १५ सेंटिमीटर माती धरली आणि एक घनमीटर मातीचं वजन १.३ टन धरलं, तर एकरभर शेताच्या वरच्या थराचं वजन सुमारे ७९० टन होतं. या मातीत सेंद्रिय कार्बनचं प्रमाण फक्त ०.१ टक्क्याने वाढवायचं, तर जवळजवळ ८०० किलो कार्बन मुरवावा लागतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपात मोजला तर सुमारे २.९ टन. साडेबाराशे लिटर पेट्रोल जाळल्यावर जेवढा निघतो, साधारण तेवढा.

आकडा मोठा वाटतो, पण तो एका हंगामात होत नाही. शेतात घातलेल्या शेणखत-पाल्यातला बहुतेक कार्बन जिवाणू खाऊन टाकतात आणि तो पुन्हा हवेत जातो. उरतो तो थोडा. म्हणून वर्षानुवर्षं खत, पाला, बांधबंदिस्ती, कमी नांगरट हे सगळं करत राहावं लागतं. आणि जमवलेलं दोन-चार वर्षांच्या हयगयीत उतरू लागतं. मातीतला कार्बन ही अशी ठेव आहे, की भरायला दहा वर्षं लागतात आणि मोडायला परवानगी लागत नाही.

ही ठेव कशी वाढवायची याचं एक महत्त्वाचं काम मराठी नावासह झालेलं आहे. होळकरांच्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती संशोधन संस्था चालवली. शेतातला काडीकचरा, शेण, मूत्रमाती यांचं योग्य प्रमाण साधून खत कसं कुजवायचं, याची त्यांनी बसवलेली पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. १९३१ साली त्यावर पुस्तक निघालं, ते हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड अशा दोघांच्या नावावर. हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. वाडांचं नाव आपल्यालाही माहीत नसतं.

इंदूर पद्धतीत कुठलंही महागडं साधन नाही. मेहनत आणि वेळ मात्र लागतो. मग प्रश्न उरतो तो असा : पुढच्या वर्षी हे शेत आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला माहीत नाही, तो माणूस या मातीत दहा वर्षांची ठेव का ठेवेल?

अर्धेल

हाच प्रश्न खोतीच्या मुळाशी होता. खोतीच्या गावात भातजमिनीवर ‘अर्धेल’ असायचं, म्हणजे पिकाचा निम्मा वाटा खोताला. वरकस जमिनीवर ‘तिर्धेल’, तिसरा हिस्सा. पीक उभं असतानाच खोत त्याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून वाटा ठरायचा. प्रत्यक्षात कमी निघालं तर तोटा कुळाचा. वर वेठ-बिगार वेगळी. १८८० च्या खोती कायद्याने काही कुळांचे हक्क लिहून निघाले, पण असंख्य कुळं खोताच्या मर्जीवरच राहिली.

अशा कुळाने शेतात जास्तीचं खत घातलं तर काय व्हायचं? पीक वाढलं की खोताचा अंदाज वाढायचा. वाढलेल्या पिकाचा निम्मा भाग खत न घालणाऱ्याकडे जायचा. जमीन सुधारली की ती काढून दुसऱ्याला जास्त वाट्याने देण्याचा मोह खोताला व्हायचा. कुळाच्या बाजूने शहाणपणाची गोष्ट एकच होती : या वर्षीचं पीक निघेल एवढंच करायचं. कोकणातल्या जमिनी निकस का, याचं उत्तर देताना आपण जांभा दगड आणि धुवाधार पाऊस ही नावं घेतो. ती खरी आहेत. अर्धेलही त्या यादीत यायला हवं.

खोतीत न परवडणारी माणसं मुंबईला आली. परळ-लालबागच्या गिरण्यांत आणि गिरगावच्या चाळींत राहून त्यांनी गावी मनीऑर्डरी पाठवल्या. त्यांच्या पाठीमागे गावात लढे उभे राहिले. ऑक्टोबर १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोत-सावकारांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. आसपासची पंचवीस गावं संपात उतरली आणि १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षं, हा संप चालला. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला शेतकऱ्यांच्या सभेला आले.

सहा वर्षं न नांगरलेली जमीन. आजच्या एखाद्या कार्बन-मॉडेलमध्ये ही माहिती टाकली तर कदाचित चांगला आकडा येईल : नांगरट शून्य, भातखाचरात पाणी साठवणं बंद, मिथेन कमी. त्या सहा वर्षांत चरीच्या माणसांनी काय खाल्लं, याला मॉडेलमध्ये जागा नसते. शेतातून कार्बन कमी सुटला एवढ्यावरून शेत बरं चाललंय असं ठरत नाही, हे लक्षात ठेवायला चरी पुरेसं आहे.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांच्या नेतृत्वाखाली कौन्सिल हॉलवर गेला. खोताच्या वाडीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरून. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. पण १९३९ चा कूळ कायदा आला, मग १९४८ चा आला, १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवून त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला कायद्याने जमिनीचा मालक मानलं गेलं. सातबाऱ्यावर कुळाचं नाव आलं. वहीत एक रकाना वाढला. एवढ्यासाठी वीस वर्षं लागली.

३.८ कोटी टन की ४० लाख टन

खोत गेला, पण बाहेरून अंदाज बांधण्याची रीत गेली नाही. १९९० च्या सुमारास हवामानबदलावर आंतरराष्ट्रीय करार होऊ घातला होता, तेव्हा कुठला देश किती वायू सोडतो याचे आकडे तयार होत होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतातल्या भातशेतीतून दर वर्षी सुमारे ३.८ कोटी टन मिथेन निघतो असं होतं. मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट, त्यामुळे हा आकडा भारताला फार महाग पडणारा होता.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ साली देशभरच्या भातखाचरांत प्रत्यक्ष मोजणी झाली. खाचरातल्या रोपांवर बंद पेटी ठेवायची, ठरावीक वेळाने आतली हवा काढायची, मिथेन मोजायचा. उत्तर आलं सुमारे ४० लाख टन. अंदाजाच्या जवळजवळ एक नवमांश.

इतका फरक का? अंदाज बांधताना परदेशातल्या, कायम पाणी भरून ठेवलेल्या, सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेल्या खाचरांची मापं वापरली गेली होती. मिथेन तयार करणारे जिवाणू हवा नसलेल्या, पाण्याखालच्या चिखलात वाढतात. आपल्याकडे बरीचशी खाचरं पावसावर अवलंबून. पाऊस थांबला की पाणी ओसरतं, चिखलाला हवा लागते, मिथेन थांबतो. त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी प्रश्न विचारला, की गरिबाच्या भाताचा मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच वहीत, एकाच भावाने लिहायचा का? भारतीय बाजूने तो प्रश्न तेव्हापासून विचारला जातो आहे. पण मला मोजणीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वाद घालण्याआधी आपल्या लोकांनी खाचरात उतरून मोजलं, आणि दुसऱ्याच्या वहीतला आकडा खोडला.

कार्बनचा सातबारा

आता वर्तमानात येऊ. भारताच्या एकूण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के आहे. त्यातला मोठा भाग गुरांच्या पोटातल्या मिथेनचा, मग भातशेती आणि नत्रखतांतून निघणारा नायट्रस ऑक्साइड. दुसऱ्या बाजूला झाडं आणि माती कार्बन साठवू शकतात. या साठवणुकीला आता बाजारभाव आला आहे. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ दिला नाही किंवा मातीत मुरवला, तर एक कार्बन क्रेडिट. ते क्रेडिट एखादी कंपनी आपल्या धुराच्या बदल्यात विकत घेते. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आणि जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. बांधावर झाडं लावा, खाचरातलं पाणी आलटून-पालटून सुकवा, काडीकचरा जाळू नका, पैसे मिळतील, असं आता शेतकऱ्याला सांगितलं जातं.

कल्पना वाईट नाही. ज्या कामाचा आजवर कुणी पैसा दिला नाही, त्याचा मोबदला मिळणार असेल तर मिळावा. पण वही उघडून बघा.

माझं रोजचं काम डेटाबेसचं आहे. त्यात एक गोष्ट लवकर कळते : तक्त्यात ज्याला रकाना नाही, ते त्या व्यवस्थेपुरतं जगात नसतं. शेतीच्या कार्बनची नोंद जमिनीच्या मालकीपासून सुरू होते, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावापासून. आणि आज महाराष्ट्रात कितीतरी जमीन तोंडी बोलीवर कसली जाते : वाट्याने, बटाईने, खंडाने, मक्त्याने. कागद होत नाही, कारण ‘कूळ लागेल’ अशी मालकाला भीती असते. ज्या कायद्याने एका पिढीच्या कुळांची नावं वहीत आली, त्याच कायद्याच्या धास्तीने पुढच्या पिढीतल्या कसणाऱ्यांची नावं वहीबाहेर राहिली. शेतात दिवसभर राबणाऱ्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायकांचंही तेच.

मग शेणखत घालणार कोण, बांध घालणार कोण, खाचरातलं पाणी काढण्यासाठी पहाटे जाणार कोण, आणि क्रेडिट कुणाच्या नावावर? मुंबईत राहणारा मालक गावच्या जमिनीचं क्रेडिट घेईल आणि वाटेकरी पुन्हा या वर्षीचं पीक निघेल एवढंच करेल. त्यात नुकसान फक्त वाटेकऱ्याचं नाही. त्याला पुढच्या वर्षाची खात्री नसेल तर माती सुधारणारच नाही, आणि मग कंपनीने विकत घेतलेला टन मातीत नसेल, फक्त कागदावर असेल. मातीतली ठेव टिकवायला कसणाऱ्याची खात्री लागते. अर्धेलने शिकवलेला हा धडा कुठल्याही कार्बन-मॉडेलपेक्षा जुना आहे.

दुसरी अडचण नियमांतच आहे. क्रेडिट ‘नव्याने’ केलेल्या कामाला मिळतं. ज्याने तीस वर्षं बांधावर झाडं राखली, काडी जाळली नाही, त्याच्या मातीत कार्बन आधीच आहे, म्हणून त्याला त्यासाठी काही मिळत नाही. ज्याने उजाड केलं त्याला सुधारायला जागा भरपूर. शिवाय माती प्रत्येक शेतात खणून तपासणं महाग, म्हणून बरेच आकडे उपग्रह आणि मॉडेल यांतून येतात. पीक उभं असताना बांधलेला तो खोताचा अंदाज आठवा. अंदाज बांधणं गैर नाही. तो तपासून बघण्याची, त्यावर हरकत घेण्याची सोय ज्याच्याकडे नाही त्याच्यावर तो लादणं गैर.

यावर तोडगे काही आकाशातले नाहीत. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर ‘रीत’ नावाचा रकाना असायचा. जमीन कशा प्रकारे कसली जाते त्याची खूण त्यात करायची. म्हणजे मालक आणि कसणारा हा फरक लिहिण्याची कल्पना आपल्या दप्तरात होती. ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने लिहायची पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. नेटवर्क नसलं की वैताग येतो हे खरं, पण वही पहिल्यांदा शेतकऱ्याच्या हातात आली ही गोष्ट लहान नाही. मात्र तिथेही सुरुवात खातेदाराच्या नावापासूनच होते. कार्बनची वही आता नव्याने आखली जाते आहे, तेव्हा तीन रकाने आधीच मागून घेता येतील : प्रत्यक्ष कोण कसतो, मोबदल्यात त्याचा वाटा किती, आणि आकडा मान्य नसेल तर त्याने कुणाकडे जायचं. मालकाला कूळ लागण्याची भीती न घालता कसणाऱ्याचा कार्बनवरचा वाटा लिहिता येईल, असा कायदा बसवणं अवघड असेल, अशक्य नाही.

हे रकाने नंतर घालू म्हटलं तर काय होतं, तेही आपल्याला माहीत आहे. सॉफ्टवेअरमध्ये ते काम महागात पडतं. कोकणात त्यासाठी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवाव्या लागल्या आणि हजारो माणसांना मुंबईत मोर्चा आणावा लागला.